शोभाच्या खोलीसाठी पलंग

१६ जुलै २००६, रविवार

शो.चं सामान आज गेलं. कपाट, शिलाई मशीन, पुस्तकांची खोकी, लोखंडी पलंग. तिचे मिस्टर स्वतः वर्ध्याहून टेम्पो घेऊन आले होते. दोर आवळताना मला म्हणाले, "ताई, तुमचं काही चुकून आमच्यात येत नाही ना, बघून घ्या." माणूस सभ्य आहे, तीच तर पंचाईत. खडूस असता तर निदान नावं ठेवता आली असती.

लग्न मेमध्येच झालं, रजिस्टर पद्धतीने. पण बदली हातात पडेपर्यंत शो. इथेच होती, फक्त शनिवार-रविवार वर्ध्याला. त्यामुळे झालंय असं मला वाटतच नव्हतं. आज वाटलं. एका शाळेत नोकरी, एका घरात राहणं, अठरा वर्षं. ती मराठी शिकवायची, मी गणित. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई लग्न करेल हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

निघताना म्हणाली, "वसू, माझी खोली तशीच ठेव. मी येत जाईन." खोली तशीच ठेव म्हणते आणि पलंग घेऊन जाते.

२० जुलै

ठरलं. पलंग मी करणार.

आजवर केलेलं: दोन स्टुलं (एक डुगडुगतं), मसाल्याची मांडणी, शाळेच्या वाचनालयाला एक फळी. मागच्या वर्षी हौस म्हणून रंधा घेतला तेव्हा शो. म्हणाली होती, लोक या वयात कीर्तनाला जातात. रंधत असताना नाकाला पदर लावून दारात उभी राहायची आणि चुका काढायची. चुका खऱ्या असायच्या.

पलंग नसेल तर काय होईल ते मला दिसतंय. सकाळच्या एसटीने येईल, जेवेल, पाचच्या एसटीने परत. खुर्चीवर बसता येतं, राहायला पलंग लागतो. आणि ती राहिली नाही तर ती माझ्याकडे पाहुणी झाली. ते मला नको आहे.

२३ जुलै, रविवार

तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने मान वर न करता विचारलं, मिस्त्री कोण? नाही म्हटल्यावर, मिस्त्रीला पाठवा. दुसऱ्याने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि साहेबांना घेऊन या म्हणाला. कुठले साहेब आणू?

तिसरं बसस्टँडमागचं, रशीदभाईंचं. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, दुकानात दुसरं कोणी नाही. त्यांनीही तेच विचारलं. मीच मिस्त्री म्हटलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग चहा सांगितला. मग समजावून सांगितलं. प्लायच्या भावात मिस्त्रीचा वाटा धरलेला असतो. मिस्त्री माल पसंत करतो, मिस्त्री कंपनीचं नाव सुचवतो, गिऱ्हाईक फक्त खिसा हलका करतं. मिस्त्रीच नसेल तर कोणता भाव सांगायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"लिहून टाकतो, वसुधा मिस्त्री," म्हणाले. "कंपनीले कोनाचं तं नाव लागते." आणि तो वाटा भावातून वजा केला. मला हसू आलं. खूप दिवसांनी.

मग विचारलं, "पलंग सिंगल का डबल?"

नंतर सांगते म्हटलं.

२९ जुलै

सिंगल. अर्थातच सिंगल. खोली शो.ची आहे.

रशीदभाईंकडून सहा बाय तीनचा प्लाय घेतला. सायकलरिक्षाने घरी आला. रिक्षावाला उतरवेना, म्हणे आधी मिस्त्रीला दाखवा, नंतर वापस होत नाही. मीच वाकून कडा पाहिल्या, बोटाने ठोकून पाहिलं, थोडं तोंड वाकडं केलं. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

६ ऑगस्ट, रविवार

पाय आणि पट्ट्यांसाठी सागवान पाहिजे. सागवानाच्या जिल्ह्यात राहून चार पाय मिळत नाहीत. जंगल खात्याच्या डेपोत गेले होते. आडवी पडलेली खोडंच खोडं, प्रत्येकावर हातोडीचा शिक्का. बाबू म्हणाले, लिलाव होतो, अख्खी थप्पी घ्यावी लागते. मी म्हटलं, मला एकच पलंग करायचाय. ते म्हणाले, मग पलंगच विकत घ्या ना मॅडम.

शो.चा फोन नाही. मी केला. उचलला तिच्या मिस्टरांनी. ती देवळात गेली होती. शो. आणि देवळात? इकडे असताना कधी गेली नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

रशीदभाईंनी सांगितलं म्हणून घाटंजीला जाऊन आले. तिथे एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग पाडताहेत, जुनं लाकूड विकायला काढलंय. गेट उघडं, आत ढीग, ढिगाशेजारी विकणारा डुलक्या काढत बसलेला. कापसाला भाव नाही, जिनिंग चालवून काय करता, म्हणाला. बोलणं तेवढंच.

लाकूड काळं पडलेलं, पण नखाने खरवडलं की आत पिवळंधमक. पाय आणि पट्ट्या निघतील एवढं घेतलं. एसटीच्या टपावर चढवायला कंडक्टर तयार होईना. एवढं कायचं लाकूड म्हणाला. मैत्रिणीच्या पलंगाचं म्हटलं. लग्न हाय का? झालं म्हटलं. मग त्याने स्वतः वर चढून बांधून दिलं. लग्न म्हटलं की लोक किती मऊ होतात.

घरी आल्यावर पाहिलं, खिळ्यांच्या भोकांमध्ये कापूस अडकलेला होता. काडीने काढत बसले. शो. असती तर त्याची वात केली असती.

२७ ऑगस्ट, रविवार

आज गणपती. आमच्याकडे गणपती शो. बसवायची. मी फक्त मखर. यंदा कोणीच बसवला नाही. मखराची पट्टी उगाच रंधून ठेवली.

३ सप्टेंबर

पोस्टाने कंपनीचं छापील निमंत्रण आलंय. "वसुधा मिस्त्री यांस सप्रेम." प्लाय कंपनीचा मिस्त्री मेळावा, पुढच्या रविवारी, बसस्टँडजवळच्या हॉलमध्ये, जेवण आहे. रशीदभाईंना विचारलं, काय करू? म्हणाले, "नाव आलं म्हनजे जाच लागते."

१० सप्टेंबर, रविवार

गेले.

दारावर बॅग आणि टोपी वाटत होते. मला टोपी द्यावी की नाही यावर दोघांचं कुजबुजून झालं, शेवटी दिली. हॉलभर पुरुष. मी शेवटच्या रांगेत. कंपनीचा मुलगा हिंदीत बोलत होता, प्लाय चिकटवायच्या नव्या सरसाबद्दल. कोणी ऐकत नव्हतं.

जेवताना शेजारी फुलसावंगीचे एक मिस्त्री होते, पन्नाशीचे. यंदा काम नाही म्हणाले. लोक मुलीला आंदणात कपाट-पलंग देतात ते कापसाच्या पैशावर, आणि कापूस पडून आहे. दिवाळीनंतर ते हैदराबादला जाणार, तिकडे बिल्डिंगची कामं आहेत. हे त्यांनी भात कालवत सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मला विचारलं, तुम्ही कोणासाठी काम करता? मी म्हटलं, कोणासाठी नाही, हौस आहे, घरीच करते.

"मंग पाह्यते कोन?" ते म्हणाले.

कोणी नाही, असं खरं तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या पानातला जिलबीचा तुकडा माझ्या पानात ठेवला.

घरी येऊन टोपी घालून आरशात पाहिली. मग माझ्या पलंगावर पडून रडले. कशासाठी ते इथेही नीट लिहिता येत नाही. शो.ने चुका काढाव्यात म्हणून, बहुतेक.

१७ सप्टेंबर, रविवार

लाकडं लोहाऱ्याला आरा मशीनवर नेली. नामदेवराव चालवतात. सकाळपासून वीज नव्हती. दुपारी दोनपर्यंत बाकावर बसले, मग माप लिहून ठेवून आले. लांब पट्ट्या सहा फूट, आडव्या तीन फूट. त्यांनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, मैत्रिणीसाठी, लग्न होऊन वर्ध्याला गेली. आल्यावर तिला पाहिजे.

बरं म्हणाले. उद्या लाईन आली की कापतो.

२० सप्टेंबर

डोकं फिरलंय.

आडव्या पट्ट्या पाच फुटी. डोक्याकडची पाच, पायाकडची पाच. मधल्या सगळ्या पाच. नामदेवराव शांत. कानावरची पेन्सिल काढून माझ्या कागदावर माझाच आकडा दाखवला, त्यावर काट मारलेली. "लग्न झालेल्या बाईले सिंगल पलंग कोन देते, मॅडम? मले वाटलं तुमच्यानं चुकून तीन लिहिल्या गेलं. म्या बराबर करून टाकलं." कापण्याचे पैसेही तेवढेच घेतले. वर म्हणाले, लाकूड पुरलं हे नशीब.

त्यांच्याकडे येणारा प्रत्येक कागद ते असाच सुधारतात म्हणे. गिऱ्हाईक चुकतं, मिस्त्री चुकतो, आरा मशीनवाला सांभाळून घेतो. मी अठरा वर्षं पोरींच्या वह्यांवर तेच केलं, मला बोलायला तोंड नव्हतं.

बिघडलं काहीच नाही तसं. पाचाचे तीन करायला दहा मिनिटं. घरी येऊन काटकोनाचा गुण्या लावून सगळ्या पट्ट्यांवर तीन फुटांवर पेन्सिलची रेघ मारली. करवत घेतली नाही. हात भरून आले होते.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला शाळेतले आले-गेले. वर्गातल्या निम्म्या पोरी गैरहजर असतात हल्ली, गावाकडे कापसाची वेचणी लागली. भाव नाही तरी वेचावा तर लागतोच.

शो.चा फोन. दिवाळीनंतर येते म्हणाली, तिच्या सेवापुस्तकाचं काही काम आहे. मग म्हणाली, "आम्ही दोघं येऊ." आणि लगेच, "तुला त्रास नको गं, ह्यांचा भाचा आहे ना तिथे दारव्हा रोडला, तिथे उतरू." मी म्हटलं, बरं.

बरं कशाला म्हटलं? राहा म्हणायचं होतं. जीभ झडली होती का?

८ ऑक्टोबर, रविवार

पायांना खाचा मारल्या. चारही पाय उभे राहतात. पट्ट्यांवरची रेघ तशीच.

खोलीत टेप धरून पाहिलं. पाच फुटी पलंग ठेवला तर खिडकीजवळचं टेबल राहत नाही. त्या टेबलावर समोरासमोर बसून आम्ही पेपर तपासायचो. ती लाल पेनाने, मी हिरव्या. तिला हिरवा रंग आवडायचा नाही, पोरींना दया दाखवल्यासारखा वाटतो म्हणायची.

तीन फुटी ठेवला तर टेबल राहतं, शो. राहते. तिचे मिस्टर राहत नाहीत.

हेच पाहिजे होतं ना मला? हेच पाहिजे होतं. लिहून टाकते, लपवायचं कोणापासून.

२५ ऑक्टोबर

काल भाऊबीज, आज ईद. काल भाऊ आला नाही, फोन आला. आज रशीदभाईंच्या घरून डबा आला, शीरखुर्मा. वर चिठ्ठी नाही, निरोप, "मिस्त्री मॅडमले द्या." दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी फ्रिजमध्ये ठेवली, शो.ला आवडतो. मग लक्षात आलं, ती रविवारी येणार, तोपर्यंत टिकत नाही. ती पण खाल्ली.

२९ ऑक्टोबर, रविवार

आले होते दोघं. कालच भाच्याकडे उतरले होते, सेवापुस्तकाचं काम उरकलं. माझ्याकडे अकराला आले, पाचच्या एसटीला गेले.

शो. जाड झाली आहे, छान दिसते. अंबाडा घालते आता. घरात शिरल्याबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडून पाहू लागली, तेव्हा जीवात जीव आला. वरणाला मीठ कमी म्हणाली. कमी होतंच.

जेवणानंतर हात धुवायला तिचे मिस्टर, अविनाशराव, आतल्या बाजूला गेले ते तिथेच थांबले. शो.च्या खोलीत. भिंतीला लाकडं टेकवलेली, पाय, पट्ट्या, प्लाय. त्यांनी एका पायावरून हात फिरवला. मग बोलावलं, शोभा, इकडे ये, हे बघ. ती आली. बघत राहिली. नाकाला पदर लावला नाही.

"मोठा पलंग दिसतोय," ते म्हणाले. "कोणाची ऑर्डर?"

मला सांगता आलं असतं. शो. समोर उभी होती, ते समोर उभे होते, लाकूड समोर होतं. मी म्हटलं, "रशीदभाईंच्या एका गिऱ्हाइकाची."

"अरे वा," म्हणाले. खरंच आनंद झाला त्यांना. ताई, तुम्ही तर व्यवसायच सुरू केला. शो. पट्टीवरच्या पेन्सिलच्या रेघेवर बोट ठेवून उभी होती. मग चहा टाकायला गेली.

साडेचारला पर्स काखेत. दारात म्हणाली, "खोली कामाला आली तुझ्या, बरं झालं." यात टोमणा होता की दुःख, मला कळलं नाही. अठरा वर्षांत हे असं पहिल्यांदा. पूर्वी कळायचं.

३० ऑक्टोबर

दिवसभर काही केलं नाही. दिवाळीची सुट्टी संपता संपत नाही. तिला वाटलं असणार, हिने माझी खोली कारखाना करून टाकली. आणि मी तिला तसं वाटू दिलं. खोटं का बोलले? कारण खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ही रेघ कसली. याला माझ्याकडे काय उत्तर होतं? नवऱ्याला कापायची?

फोनजवळ तीनदा गेले.

४ नोव्हेंबर, शनिवार

बोल्ट आणायला रशीदभाईंकडे गेले. आज त्यांनी चहा सांगितला नाही, आधी बसा म्हणाले.

रविवारी शो. त्यांच्याकडे गेली होती. पाचच्या एसटीने जायचं होतं ते गेलेच नाहीत, सहाच्या गेले. अविनाशरावांना स्टँडवर सामानापाशी बसवून ती एकटीच आली. विचारलं, वसुधाबाईंना पलंगाची ऑर्डर तुम्हीच दिली ना?

"म्या म्हनलं, नाही बा. म्या तं कोनाची ऑर्डर देल्ली नाही मॅडमले. त्या तं मैत्रिणीसाठी करून राह्यल्या. जुलैपासून."

मग?

"मंग काही नाही. बसून राह्यल्या तिथं, त्या स्टुलावर. पानी देल्लं म्या. रडल्या थोड्याशा. मले काही समजलं नाही, म्या पंखा लावून देल्ला." रशीदभाई चष्मा पुसत होते. "जाताना म्या विचारलं, बाई, पलंग सिंगल होऊन राह्यला का डबल, मॅडमनं मले अजून सांगतलं नाही, प्लाय तं एकच नेला. तं म्हने, ते वसूच ठरवेल. मी आली होती ते तिले नका सांगू, म्हने."

"मग मला का सांगितलंत?"

"इतके दिवस दुकानात गिऱ्हाईक नाही, मॅडम. येवढी एक गोष्ट पोटात ठेवाची, कोनासाठी?"

बोल्ट न घेताच घरी आले.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शो.च्या खोलीत सगळं फरशीवर मांडून पाहिलं. पट्ट्या पूर्ण लांबीच्या. खोली भरून गेली. मला चालायला भिंतीकडून आडवं व्हावं लागत होतं.

शो.वर रागावले आहे. माझ्यावर काय म्हणून सोडलं? डबल कर म्हणाली असती तर केला असता, कुरकुर करत. सिंगल म्हणाली असती तर नाचत केला असता. आता जो होईल तो माझा. रेघ पाहिली तिने. रेघ पाहून, रडून, तरी मीच ठरवायचं म्हणते. इतकी कशी ओळखते ही मला, आणि मग गेली कशी?

अविनाशरावांनी पायावरून हात फिरवला तो आठवतो. उलट्या हाताने फिरवला, गुळगुळीत आहे का पाहायला. आजवर त्या पलंगावरून मी सोडून असा हात फक्त त्यांनीच फिरवलाय.

दुपारी बोल्ट आणले. रशीदभाईंना विचारलं, तसाच प्लाय आणखी आहे का? शेवटचा एक पडून आहे म्हणाले, बाजूला ठेवू का? ठेवा म्हटलं. नेते असं नाही म्हटलं.

आत्ता चार वाजलेत. टेबल बाहेरच्या खोलीत बसतं का पाहावं म्हणून ओढत दारापर्यंत आणलं. दारातून निघत नाही, पाय काढावे लागतील. एक काढला आहे. टेबल तिरकं होऊन माझ्या गुडघ्यावर टेकलंय आणि मी हे लिहितेय.